वापरकर्ता खात्यांची जुळवणी (संगणक जाळे)

वापरकर्ता खात्यांची जुळवणी म्हणजे एकाच जाळ्यावर असलेल्या भिन्न संचालन प्रणालींमध्ये एका व्यक्तीची जी निरनिराळी खाती असतात, ती सर्व त्या एकाच व्यक्तीची आहेत हे संगणकांना कळावे म्हणून केलेली व्यवस्था होय. विंडोज, लिनक्स, युनिक्स आणि मॅकओएस या प्रणाली वापरकर्त्याची ओळख वेगवेगळ्या रीतीने जपतात. त्यामुळे विंडोजवर तयार केलेली फाइल लिनक्स सर्व्हरवर साठवताना तिचा मालक कोण, ती कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, हे ठरवण्यासाठी दोन ओळखींमध्ये दुवा असावा लागतो. हा दुवा चुकला तर फाइल परक्याच्या नावावर चढते, किंवा खऱ्या मालकालाच ती उघडता येत नाही.

स्वरूप

संगणकाला माणसाचे नाव फारसे उपयोगाचे नसते. पडद्यावर नाव दिसते, परंतु फाइलच्या मालकीची नोंद क्रमांकाने होते. शाळेतील उदाहरणाने हे लवकर ध्यानात येते. एकाच विद्यार्थ्याचा हजेरीपटावर एक क्रमांक असतो, दाखल-खारीज रजिस्टरात दुसरा असतो आणि शासनाच्या ‘सरल’ प्रणालीत तिसरा. हजेरीपटाचा क्रमांक दरवर्षी बदलतो. दाखल क्रमांक मात्र विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी दुसऱ्या कोणास दिला जात नाही. वर्गशिक्षकाला हे तिन्ही क्रमांक एकाच मुलाचे आहेत हे ठाऊक असते. यंत्राला ते कोणीतरी सांगावे लागते.

जमिनीच्या नोंदींतही असाच प्रकार आढळतो. महाराष्ट्रात १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे जुन्या भूमापन क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. शेत तेच राहिले, क्रमांक मात्र दोन झाले. जुना दस्त वाचताना कोणता जुना क्रमांक कोणत्या गटात गेला हे दाखवणारा तक्ता लागतो, आणि त्या तक्त्यातील चूक पुढे बांधावरच्या भांडणाचे कारण होऊ शकते. संगणक जाळ्यावरील जुळवणीचा तक्ता याच जातीचा आहे.

ओळखक्रमांकांचे दोन प्रकार

युनिक्स आणि त्याच्या वळणावर बांधलेल्या प्रणालींत प्रत्येक वापरकर्त्याला एक साधा पूर्णांक दिलेला असतो. त्यास यूआयडी म्हणतात. गटाच्या क्रमांकास जीआयडी म्हणतात. शून्य हा क्रमांक ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा असतो. लिनक्समध्ये पूर्वी हे क्रमांक १६ बिटांचे, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ इतकेच होते. २००१ मध्ये आलेल्या लिनक्स गाभ्याच्या २.४ या आवृत्तीपासून ते ३२ बिटांचे झाले. सर्वसामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक कोठून सुरू करावेत याविषयी मात्र एकवाक्यता नाही. डेबियनमध्ये ते १००० पासून सुरू होतात, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये सहाव्या आवृत्तीपर्यंत ते ५०० पासून सुरू होत आणि मॅकओएसमध्ये पहिल्या वापरकर्त्यास ५०१ हा क्रमांक मिळतो. म्हणजे दोन्ही बाजूंना लिनक्सच असले तरी जुळवणीचा प्रश्न सुटलेला असतोच असे नाही.

यूआयडीची मोठी उणीव अशी की तो स्थानिक असतो. एका संगणकावरील १००१ आणि शेजारच्या संगणकावरील १००१ यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. एखादे खाते काढून टाकल्यावर तोच क्रमांक पुढच्या नव्या वापरकर्त्याला मिळू शकतो आणि जुन्या माणसाच्या राहून गेलेल्या फाइली आपोआप नव्या माणसाच्या होतात. दाखल-खारीज रजिस्टराची शिस्त येथे नाही.

विंडोजने १९९३ मधील विंडोज एनटीपासून वेगळी वाट धरली. तेथे प्रत्येक खात्यास एसआयडी, म्हणजे सुरक्षा ओळखक्रमांक, मिळतो. तो ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो. त्यानंतर तीन मोठ्या संख्या येतात आणि शेवटी आरआयडी ही सापेक्ष संख्या येते. मधल्या तीन संख्या तो संगणक किंवा ते डोमेन ओळखण्यासाठी असतात. आरआयडी हा त्या डोमेनमधील व्यक्तीचा अनुक्रमांक होय. ५०० हा आरआयडी प्रशासकाचा, ५०१ पाहुण्याचा, तर नव्याने उघडलेली खाती १००० पासून पुढे जातात. डोमेनमध्ये एकदा वापरलेला आरआयडी पुन्हा दिला जात नाही. गावाच्या नावासह घर क्रमांक लिहावा तशी ही रचना असल्याने दोन डोमेनांतील क्रमांकांची गल्लत होत नाही.

अडचण आकारात आहे. मधल्या तीन संख्या मिळून ९६ बिटांच्या आणि आरआयडी ३२ बिटांचा, एवढा ऐवज ३२ बिटांच्या यूआयडीमध्ये बसवायचा असतो. घागरीतले पाणी तांब्यात मावत नाही. म्हणून प्रत्येक एसआयडीस आपोआप स्वतंत्र यूआयडी देणारे सर्वत्र लागू पडेल असे एकच सूत्र संभवत नाही. तक्ता ठेवावा लागतो किंवा काही बंधने पत्करून गणित करावे लागते.

इतिहास

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास एनएफएस ही जाळ्यावरून फाइली वाटून घेण्याची पद्धत तयार केली. तीत सर्व संगणकांवर यूआयडी सारखेच असतील असे गृहीत होते. ते सारखे राहावेत म्हणून त्याच कंपनीने खात्यांची यादी एका ठिकाणी ठेवणारी सेवा काढली. तिचे मूळ नाव ‘यलो पेजेस’ असे होते; ते नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह असल्याने बदलून एनआयएस असे करावे लागले. युनिक्स संगणकांपुरता प्रश्न यामुळे बराचसा मिटला.

विंडोजच्या बाजूने फाइली वाटण्याची एसएमबी ही पद्धत १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि मायक्रोसॉफ्टने ती पुढे वाढवली. या दोन जगांना जोडणारा सांबा हा मुक्त कार्यक्रम ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे विद्यापीठात संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये लिहिला. डॉस चालवणाऱ्या संगणकाला युनिक्स सर्व्हरची तबकडी वापरता यावी, एवढाच त्यांचा प्रारंभीचा हेतू होता. ‘एस’, ‘एम’ आणि ‘बी’ ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शब्दकोशात शोधताना ‘सांबा’ हे नाव मिळाले. सांबाच्या २.२ या आवृत्तीत, म्हणजे २००१ मध्ये, ‘विनबाइंड’ हा भाग आला. विंडोज डोमेनमधील खाती लिनक्सवर जणू स्थानिकच आहेत असे दाखवणे हे त्याचे काम. सप्टेंबर २००३ मधील ३.० आवृत्तीने ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे सदस्यत्व शक्य केले आणि डिसेंबर २०१२ मधील ४.० आवृत्तीपासून सांबा स्वतःच अशा डोमेनचा नियंत्रक होऊ शकतो.

हे काम दीर्घ काळ जाळ्यावरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करूनच चालले होते, कारण मायक्रोसॉफ्टने आपल्या पद्धतीचे तपशील खुले केलेले नव्हते. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये ते तपशील देण्याचा आदेश काढला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दहा हजार युरो एकरकमी भरून सांबाच्या लेखकांसाठी ही कागदपत्रे उपलब्ध झाली. भिन्न प्रणालींची खाती जुळवता येणे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता, बाजारपेठेत दुसऱ्याला जागा मिळण्याचाही होता, हे या वादातून दिसते.

मायक्रोसॉफ्टनेही ‘सर्व्हिसेस फॉर युनिक्स’ या संचात नावे जुळवणारी स्वतंत्र सेवा दिली होती. त्या संचाची ३.५ ही आवृत्ती २००४ मध्ये विनामूल्य झाली. युनिक्स क्रमांक सांभाळण्याची विंडोज सर्व्हरमधील सोय पुढे २०१६ च्या आवृत्तीतून वगळण्यात आली, तथापि निर्देशिकेतील त्या क्रमांकांचे रकाने कायम आहेत.

जुळवणीच्या पद्धती

सर्वांत जुनी आणि आजही लहान ठिकाणी पुरेशी ठरणारी पद्धत नावांच्या यादीची आहे. सांबात एका साध्या मजकूर फाइलमध्ये डावीकडे युनिक्सवरील नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे विंडोजवरील एक किंवा अनेक नावे लिहितात. ‘रूट’ समोर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिले की विंडोजचा प्रशासक लिनक्सवर रूट ठरतो; ही ओळ विचारपूर्वकच लिहावी. यादी वरून खाली वाचली जाते आणि एक नाव जुळल्यावरही वाचन थांबत नाही. त्यामुळे ‘उरलेले सर्व पाहुणे’ अशा अर्थाची तारांकित ओळ शेवटी घातली तर आधी नीट जुळलेली माणसेही पाहुणे होऊन बसतात. जेथे थांबायचे त्या ओळीच्या आरंभी उद्गारचिन्ह द्यावे लागते. नवख्या व्यवस्थापकास या उद्गारचिन्हाने जेवढे दमवले असेल, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने दमवले असेल.

दुसरी पद्धत क्रमांकांच्या तक्त्याची. विनबाइंडला क्रमांकांचा एक पट्टा ठरवून दिला जातो आणि जो एसआयडी प्रथम समोर येईल त्याला पट्ट्यातील पुढचा रिकामा यूआयडी मिळतो. ही नोंद त्या सर्व्हरवरील एका लहान कोशात राहते. एकच सर्व्हर असेल तर हे उत्तम चालते. दोन सर्व्हर असतील तर मात्र प्रत्येकजण आपापल्या क्रमाने क्रमांक देतो आणि तीच व्यक्ती एकीकडे १०००३, तर दुसरीकडे १००१७ ठरते. याहून गंभीर प्रसंग सर्व्हरची तबकडी बिघडल्यावर येतो. फाइलींची प्रत जपून ठेवलेली असते, पण या कोशाची प्रत ठेवण्याचे कोणास सुचलेले नसते. नव्याने बसवलेला सर्व्हर, जो आधी येईल त्यास पहिला क्रमांक, या न्यायाने वाटप करतो आणि परत आणलेल्या फाइलींचे मालक अदलाबदल होतात. मजकूर सुखरूप असतो. तो कोणाचा हे हरवलेले असते.

तिसरी पद्धत गणिती आहे. पट्ट्याच्या आरंभीच्या संख्येत आरआयडी मिळवला की यूआयडी तयार होतो. पट्टा १,००,००० पासून सुरू होत असेल आणि विंडोजवरील आरआयडी ११०५ असेल, तर लिनक्सवरील क्रमांक १,०१,१०५ होईल. कोश नाही, म्हणून तो हरवण्याची भीती नाही. आणि तोच पट्टा दिलेल्या प्रत्येक सर्व्हरवर उत्तर तेच येते. अट एवढीच की प्रत्येक डोमेनला स्वतंत्र पट्टा द्यावा आणि एकदा ठरवलेला पट्टा पुन्हा बदलू नये. एसएसएसडी हा लिनक्सवरील दुसरा कार्यक्रम डोमेनच्या एसआयडीवरून हॅश काढून पट्टा स्वतःच निवडतो. सोय मोठी आहे, मात्र एसएसएसडी आणि विनबाइंड यांची गणिते वेगळी असल्याने एका यंत्रावर एक व दुसऱ्यावर दुसरा असे मिश्रण केल्यास क्रमांक पुन्हा फाकतात.

चौथी पद्धत निर्देशिकेची. येथे यूआयडी हा मध्यवर्ती निर्देशिकेत त्या व्यक्तीच्या नावापुढेच लिहून ठेवतात आणि सर्व यंत्रे तेथून तो वाचतात. रकान्यांची नावे आणि अर्थ मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २३०७ या प्रलेखाने ठरवून दिले. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सोबत आलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि मुक्त असलेली ओपनएलडॅप या दोहोंत ही पद्धत वापरता येते. नव्या माणसाचा क्रमांक हाताने भरावा लागतो, तो राहिला तर त्याला लिनक्सवर प्रवेशच मिळत नाही. काटेकोर नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयास ही पद्धत मानवते. जेथे नोंदी मागे पडतात तेथे गणिती पद्धत बरी.

सांकेतिक शब्दांची जुळवणी मात्र यांपैकी कोणत्याही पद्धतीने होत नाही. लिनक्स आणि विंडोज सांकेतिक शब्दाचा ठसा वेगवेगळ्या रीतीने साठवतात आणि एका ठशावरून दुसरा बनवता येत नाही. म्हणून स्वतंत्र सांबा सर्व्हरवर प्रत्येकाचा सांकेतिक शब्द पुन्हा एकदा नोंदवावा लागतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत केर्बेरॉस पद्धतीने ओळख पटवली जात असल्याने हा त्रास उरत नाही. केर्बेरॉसमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत सर्वसाधारणपणे पाच मिनिटांहून अधिक तफावत चालत नाही. मुख्य फळीवरील बटणासारखी बॅटरी संपलेला जुना संगणक वीज जाऊन आल्यावर कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो. अशा वेळी सांकेतिक शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो आणि दोष बिचाऱ्या वापरकर्त्याच्या स्मरणशक्तीला दिला जातो.

एनएफएस आणि विश्वासाचा प्रश्न

एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांत ग्राहक यंत्र सर्व्हरला फक्त क्रमांक कळवते आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. उदाहरणादाखल भंडारा जिल्ह्यातील, समजा पवनी तालुक्यातील, एका माध्यमिक शाळेची प्रयोगशाळा घ्यावी. सर्व्हरवर लिनक्स आहे, मुलांच्या संगणकांवर विंडोज आहे आणि एका शिक्षिकेकडे लिनक्स बसवलेला स्वतःचा लॅपटॉप आहे. लॅपटॉपवर त्यांचे एकच खाते असून त्याचा क्रमांक १००० आहे. सर्व्हरवर १००० हा क्रमांक मात्र कार्यालयातील लिपिकाच्या खात्याचा आहे. शिक्षिकेने दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण एनएफएसमार्गे सर्व्हरवर साठवले की ती फाइल लिपिकाच्या मालकीची होते. उलट लिपिकाची वेतनपत्रके शिक्षिकेला विनासायास उघडता येतात. येथे कोणी कोणाचा सांकेतिक शब्द चोरलेला नाही, कोणतीही सूचना पडद्यावर झळकलेली नाही आणि दोघांपैकी कोणाचाही तसा हेतू नाही. विंडोजवरून सांबामार्गे आलेल्या मुलांना मात्र नाव व सांकेतिक शब्द द्यावाच लागतो, त्यामुळे एकाच सर्व्हरवर एका दाराला कुलूप आणि दुसऱ्याला नुसती कडी, अशी स्थिती होते.

यावर एक आंशिक बंदोबस्त आरंभापासून आहे. ग्राहक यंत्राने आपण ‘रूट’ असल्याचे, म्हणजे क्रमांक शून्य, सांगितले तर सर्व्हर तो दावा न मानता त्यास ‘नोबडी’ या अधिकारहीन खात्याशी जुळवतो. डेबियनमध्ये त्या खात्याचा क्रमांक ६५,५३४ आहे. इतर क्रमांकांना मात्र हा नियम लागत नाही.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत (डिसेंबर २०००, सुधारित प्रलेख एप्रिल २००३ आणि मार्च २०१५) क्रमांकाऐवजी ई-मेल पत्त्यासारखे ‘नाव@डोमेन’ असे रूप पाठवण्याची तरतूद झाली. दोन्ही यंत्रांवर डोमेनचे नाव एकसारखे लिहिलेले नसेल तर सर्व फाइली ‘नोबडी’च्या दिसू लागतात, ही या आवृत्तीची नेहमीची तक्रार होय. येथे एक गैरसमज टाळावयास हवा. नावे पाठवल्याने फाइलचा मालक नीट दिसतो. परंतु मागणी करणारा कोण हे ठरवणे केर्बेरॉस न वापरल्यास जुन्याच रीतीने, क्रमांकावर विसंबून, चालू राहते. त्या जुन्या रीतीत एका व्यक्तीचे १६ पेक्षा अधिक दुय्यम गट पाठवता येत नाहीत, हीही मर्यादा आहे.

मराठी नावे आणि देवनागरी लिपी

महाराष्ट्रात जुळवणीची पहिली ठेच बहुधा नावाच्या रोमन वर्णलेखनात लागते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कोणी ‘डी’ने तर कोणी ‘जी’ने सुरू करतो, ‘वर्षा’ आणि ‘वाघाये’ यांतील ‘व’ कोणी ‘व्ही’ने तर कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो. कार्यालयाने विंडोजवर एक रूप नोंदवले आणि प्रयोगशाळेने लिनक्सवर दुसरे, की नावावरून जुळवणारी पद्धत त्यांना दोन माणसे समजते. लहान-मोठी अक्षरे हा आणखी एक भेद: विंडोज त्यांत फरक करत नाही, लिनक्स करते. लांबीचीही मर्यादा आहे. विंडोज डोमेनमधील पारंपरिक प्रवेशनाम २० अक्षरांपुरते असते, तर लिनक्समध्ये ३२ अक्षरे चालतात. ‘चंद्रशेखर’ हे नाव रोमन लिपीत १४ अक्षरांचे होते. त्यापुढे टिंब आणि सात अक्षरांचे आडनाव जोडले की २२ अक्षरे होतात. मग विंडोजच्या बाजूला नाव तोडावे लागते आणि ते कोठे तोडले याची नोंद जुळवणीच्या यादीत ठेवावी लागते.

खाते देवनागरीतच उघडावे, असा सरळ विचार मनात येतो. विंडोज तशी परवानगी देते. लिनक्सवरील खाते उघडण्याची नेहमीची आज्ञा मात्र रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे यांपलीकडचे नाव सहसा स्वीकारत नाही. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारून तयार केलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्समध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांत काम करता येते, परंतु पडद्यावरची भाषा आणि खात्याचे प्रवेशनाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून विंडोजवर देवनागरी आणि लिनक्सवर रोमन नाव असल्यास यादीवाचून गत्यंतर नाही. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने एक कटकट कमी होते, एवढाच काय तो लाभ.

देवनागरी नावांत मराठीचा असा एक खास पेच आहे. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ या आडनावांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो: ‘ऱ’ या अक्षरास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही आडनावे तंतोतंत सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न नावे असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ‘ऱ’ आणि ‘र’ खाली नुक्ता ही दोन रूपे एक होतात, पण वरील दोन रूपे एक होत नाहीत. नावे तपासण्यासाठी २००५ मध्ये ठरलेल्या सॅस्लप्रेप या नियमांत तर अदृश्य जोडचिन्ह गाळूनच टाकले जाई. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दर्‍या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचार्‍यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. चिन्ह गाळल्यावर गुरू आणि स्वयंपाकी यांचे खाते एकच झाले असते. २०१५ मध्ये आलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या नव्या नियमांनी हलन्तापुढे हे चिन्ह ग्राह्य धरले. तरीही जुने कार्यक्रम वापरात आहेत, तोवर देवनागरी खातेनाव ठरवताना ते एकाच कळफलकावर, एकाच रीतीने टंकून यादीत नक्कल करून चिकटवणे श्रेयस्कर.

गट आणि परवानग्या

युनिक्समध्ये फाइलचा मालक व्यक्तीच असतो. गट हा वेगळा रकाना. विंडोजमध्ये गटही मालक होऊ शकतो आणि प्रशासकाने तयार केलेल्या फाइली पुष्कळदा ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ या गटाच्या नावावर असतात. ही फाइल लिनक्सवर आणताना मालकाच्या रकान्यात काय लिहावे असा पेच पडतो. यासाठी सांबात एकच क्रमांक एकाच वेळी व्यक्तीचा आणि गटाचाही मानण्याची तरतूद आहे. विंडोजमधील बारीकसारीक परवानग्या युनिक्सच्या वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन परवानग्यांत पूर्णपणे उतरत नाहीत. सांबा त्या फाइलीला जोडलेल्या विस्तारित नोंदीत वेगळ्या जपून ठेवू शकतो.

जाळ्याबाहेरील वाहतूक

पेनड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीने आखलेले असते. त्या पद्धतीत मालकाचा रकानाच नसल्याने जुळवणीचा प्रश्न उद्भवत नाही. जाळे असूनही लोक पेनड्राइव्हनेच कामे उरकतात, त्याचे एक कारण हेही असावे. लिनक्सच्या पद्धतीने आखलेली बाह्य तबकडी मात्र आपले यूआयडी सोबत घेऊन फिरते आणि दुसऱ्या यंत्रावर त्याच क्रमांकाच्या परक्या माणसाला मालक करते. विंडोजच्या एनटीएफएस तबकडीसाठी लिनक्सवरील एनटीएफएस-३जी या कार्यक्रमात एक जुळवणी फाइल ठेवता येते. तिच्या प्रत्येक ओळीत यूआयडी, जीआयडी आणि एसआयडी ही तिन्ही एकत्र लिहितात.

प्रयोगशाळेतील सर्व संगणक एकाच तबकडीच्या नकला करून तयार केले असतील, तर त्यांवरील स्थानिक खात्यांचे एसआयडीही सारखे निघतात. जाळ्यावर यामुळे त्या काळी सहसा बिघाड होत नव्हता, हे मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये सविस्तर मांडले आणि एसआयडी बदलण्याचे त्यांचे स्वतःचे साधन मागे घेतले. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेलेल्या तबकडीच्या बाबतीत मात्र नावे वेगळी असूनही मालकी जुळलेली दिसते, हा अपवाद उरतो.

अलीकडील घडामोडी

लिनक्स गाभ्याच्या ३.८ या आवृत्तीपासून (२०१३) एकाच यंत्रातील बंदिस्त कप्प्यांसाठी यूआयडीचे वेगळे अवकाश निर्माण करता येतात. कप्प्याच्या आत जो रूट असतो, तो बाहेरून पाहता सामान्य वापरकर्ता ठरतो. ५.१२ या आवृत्तीत (२०२१) तबकडी जोडतानाच तिच्यावरील क्रमांकांचे भाषांतर करण्याची सोय आली, त्यामुळे तबकडीवरील मूळ नोंदी न बदलता तीच तबकडी निरनिराळ्या वापरकर्त्यांना आपापल्या मालकीची दिसू शकते.

तपासणी

लिनक्सवर ‘आयडी’ ही आज्ञा नावापुढचा यूआयडी आणि गट दाखवते; फाइलींची यादी क्रमांकांसह मागितली तर नावाआड दडलेला खरा मालक दिसतो. विंडोजमध्ये ‘हूॲमआय’ या आज्ञेस ‘यूजर’ हा पर्याय जोडल्यास एसआयडी मिळतो. विनबाइंड चालू असल्यास ‘डब्ल्यूबीइन्फो’ ही आज्ञा एसआयडीवरून यूआयडी आणि यूआयडीवरून एसआयडी अशी दोन्ही बाजूंनी विचारणा करू देते. दोन्ही उत्तरे एकाच व्यक्तीवर येऊन थांबली नाहीत, तर प्रथम पट्टे एकमेकांवर चढले आहेत काय ते पाहतात. डोमेनसाठीचा पट्टा १००० पासून सुरू केल्याने तो लिनक्सच्या स्थानिक खात्यांवर चढणे हे याचे सर्वांत सामान्य कारण आहे.